बाहीतल्या बांगड्या

ये, अशी जवळ सरक. तिथं दारात चपलांपाशी काय बसलीस वसुलीवाल्यासारखी? ईदला येते म्हणलीस, ईद होऊन गेली, तुझ्या नावाचा शिरखुर्मा झाकून ठेवला न् शेवटी माझ्या अन्वरनं खाल्ला. फोन केला तर म्हणे खाला, कॉलेजात परीक्षा चालू आहेत. परीक्षा पोरांच्या, पेपर पोरं लिहिणार, तुझे पाय कोणी बांधलते? असू दे, आता आलीस ना. आज आमच्या गल्लीत पाण्याचा दिवस आहे, मधीच नळ आला तर मी उठून जाईन, तू तोंड वाकडं करायचं नाय. आणि लिहायचं असंल तर सगळं लिही. माझा राग पण लिही. तो गाळून टाकून मला गोड म्हातारी करशील तर पुढच्या वेळी चहा मिळणार नाय.

मी बिडकीनची. आता बिडकीन म्हणलं की लोकांना कंपन्यांचे ते रुंद रस्ते आठवतात, माझ्या लहानपणी तिथं आठवडी बाजार होता न् धूळ होती, एवढंच. माझे अब्बा मणियार, बांगड्या भरायचे. बाजार बाजार फिरायचे, पार लासूर स्टेशनच्या बाजारापर्यंत, आणि मी त्यांच्यासंगं, कारण काही बायका परक्या माणसाच्या हातात हात द्यायला लाजायच्या, मग मी तो हात धरायची, दाबून दाबून मऊ करायची न् हल्लू बांगडी चढवायची. शाळेत माझं नाव होतं, मी नव्हते. पण हात काय असतो ते मला त्या बाजारात कळलं. निंदणी करणारीचा हात, भाकरी थापणारीचा, नुसता बसून खाणारीचा. तोंड एक बोलतं न् हात दुसरंच सांगतो. अब्बांचं एकच सांगणं होतं, पोरी, मणियाराच्या लेकीचं मनगट रिकामं दिसलं नाय पाहिजे, लोक म्हणतील बापाचं दुकान बुडालं. हे ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

लग्न होऊन ह्या शहरात आले, ह्याच घरात. तेव्हा हे एवढं पक्कं नव्हतं, वर पत्रे होते. सासरे लाकडावर कोरायचे, दारं, चौकटी, पाळणे, सगळे त्यांना मिस्त्रीसाब म्हणायचे. आणि आमचे हे, अन्वरचे अब्बा, ते त्याच्याहून बारीक काम करायचे. गुलमंडीच्या मागं एक छापखाना होता, त्याच्यासाठी हे लाकडाचे ठसे कोरायचे. तंबाखूच्या पुडीवरचा वाघ, अगरबत्तीच्या पाकिटावरचा मोर, कुस्तीच्या जाहिरातीतले दोन पैलवान, सगळे आमच्या ह्या खोलीत जन्मलेले. शिसवाचं लाकूड आणायचे, उभं नाय, खोडाची आडवी चकती, ती घासून घासून काचेसारखी गुळगुळीत करायची, आणि मग त्याच्यावर सुईच्या टोकाएवढ्या हत्यारानं रेघ. रेघ कोरली की तिथं खड्डा, खड्ड्यात शाई जात नाय, म्हणून ती रेघ कागदावर पांढरी उठते. कोरलं ते पांढरं, राहिलं ते काळं. आणि सगळं उलटं, ठशावर डावा हात कोरला तर कागदावर उजवा उठणार. एवढं कळलं का? व्हय म्हण नुसतं मान नको हलवू. कारण माझा सगळा राग त्या बारीक खड्ड्यांवरच उभा आहे.

तर लग्नाला वर्ष झालं असंल, छापखान्याच्या मालकानं सांगितलं, एका मोठ्या लेखकाचं पुस्तक छापायलोत, आत पहिल्या पानावर त्यांचं चित्र पाहिजे, खुर्चीवर बसलेत, लिहायलेत, असं. लेखकसाहेब म्हण तू त्यांना, नाव नको लिहू, नाव लिहिलं की लगेच कोणीतरी भांडायला येतं. ते आले इथं, एकदाच. उंच, गोरे, अंगात कोट. मी पडद्याआड. एक कप चहा होईपर्यंत बसले न् त्यातही काय सांगू तुला, माणूस एका जागी नाय. मान इकडं, हात तिकडं, उठायचे, खिडकीपाशी जायचे, परत बसायचे, तोंड तर सारखं चालू. ह्यांना चित्र काढायचं होतं बसलेल्या लेखकाचं न् हा लेखक बसंचना. ह्यांनी कसाबसा चेहरा तेवढा कागदावर उतरवला. साहेब म्हणले उरलेलं उद्या. मग उद्याचा परवा झाला, हे त्यांच्या घरी चकरा मारून आले, दर वेळी बाहेरूनच निरोप, साहेब लिहायलेत. आता लिहायलेत तर तेच तर बघायचं होतं ना बाबा! पण नाय, आत घेतलं नाय.

मग हात कोणाचे काढायचे? स्वतःचे हात बघत कोरता येत नाय, हात तर कामात. सासऱ्यांची बोटं हत्यार धरून धरून वाकडी झालेली. छापखान्यातला माणूस म्हणला, मी बसलो तर अक्षरांचे खिळे कोण जुळवंल. एक दिवस मी ताटं घासायले न् हे माझ्या हाताकडं बघायलेत. म्हणले, हाजरा, तू बस. मी म्हणलं, कुठं? म्हणले, खुर्चीवर.

आता तुला हसायला येईल. तेव्हा ह्या घरात सून खुर्चीवर बसत नव्हती. सासरे खाली चटईवर बसून पाळण्याचा पाय कोरायलेत न् सून त्यांच्या पुढ्यात खुर्चीवर? तोबा तोबा. पण शेजारून खुर्ची आणली, ह्यांनी स्वतःचा लग्नातला कोट माझ्या साडीवरून माझ्या अंगात घातला, हातात टाक दिला, समोर फळीवर कागद. आणि म्हणले, बांगड्या काढ, लेखकाच्या हातात बांगड्या नसतात. मी म्हणलं, मरीन पण काढणार नाय. सासू पण आतून ओरडली, खबरदार, माझ्या पोराच्या जिवावर उठलीस का. हे म्हणले, मग चित्र कसं करू? शेवटी मीच अक्कल चालवली. सगळ्या बांगड्या रेटून रेटून वर नेल्या, पार कोपराच्या वर, दंडाला घट्ट बसल्या, न् वरून कोटाची बाही ओढली. बाही तिथं फुगली. हे म्हणले, फुगू दे, जसं दिसतंय तसं कोरतो.

मी खुर्चीच्या काठावर टेकले न् सासरे आले. मी चटकन उठले. पदर डोक्यावर, अंगात कोट, हातात टाक, शरमेनं अर्धी झाले. सासऱ्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पोराकडं, एकदा त्या लाकडाकडं. खाली बसले, आपलं हत्यार उचललं न् म्हणले, बस. मी बसंना. मग म्हणले, सून म्हणून नको बसू. लेखक म्हणून बस. लिहिणारा माणूस कोणी आलं म्हणून उठत नसतो. मग मी बसले. अल्ला त्यांना जन्नत देवो, तेवढा मान मला नंतर कोणी दिला नाय, ज्यांना द्यायला पाहिजे होता त्यांनी तर नायच.

समोर आरसा लावला होता. ठसा उलटा कोरावा लागतो ना, म्हणून हे माझ्याकडं सरळ बघायचेच नाय, आरशातल्या माझ्याकडं बघायचे न् जसं दिसतंय तसं लाकडावर उतरवायचे. मी पण आरशात बघायची. आई-बापाच्या देखत नवऱ्यानं बायकोकडं टक लावून बघायचा तो काळ नव्हता, पण आरशाकडं बघायला कोण मनाई करतंय? असं किती दिवस चाललं काय माहीत. दुपारची भांडी झाली की कोट घालायचा न् बसायचं. गल्लीतल्या बायका खिडकीतून डोकावायच्या. एकजण म्हणायची, ओ लेखकसाहेब, दळण आणायला येता का? मी टाक उगारायची.

पण हात नुसता धरून ठेवला तर मेल्यासारखा दिसतो. हे म्हणायचे, लिही काहीतरी, बोट हललं पाहिजे. मी म्हणलं, मला कुठं येतं. म्हणले, मग शीक. आणि असं, कोरता कोरता, एक एक अक्षर सांगायला लागले. क असा, मधी दांडा, डावीकडं गाठ. मी टाक शाईत बुडवायची न् काढायची. आधी बोट दुखलं, मग पाठ दुखली, मग एक दिवस बिडकीन लिहिलं. आपलं आपणच वाचलं. पोरी, रडायला आलं मला, कोट घालून रडणारा लेखक बघून सासरे पण हसले. त्यानंतर मी थांबले नाय. कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, पिठात, भिंतीवर कोळशानं. आज मी जे चार शब्द वाचते-लिहिते ते त्या खुर्चीवरचं आहे. शाळेचं नाय, कोणा मास्तराचं नाय.

ठसा झाला. काय झाला म्हणून सांगू! चेहरा साहेबांचा, त्यात खोट नाय, मिशी, कपाळ, सगळं त्यांचं. पण मानेखाली सगळी मी. बोटं माझी, अंगठ्याजवळ तव्याचा डाग, तो पण ह्यांनी सोडला नाय, पांढरा ठिपका केला. बाही फुगलेली. पहिला छाप बघायला साहेब स्वतः मोटारीतून आले. मी चहा घेऊन पडद्यापाशी उभी. चित्र हातात धरलं, लांब धरलं, जवळ धरलं, आणि म्हणले, वा, माझ्या दंडात एवढी ताकद आहे हे मलाच माहीत नव्हतं! दंडात ताकद! अहो, बांगड्या आहेत त्या, मणियाराच्या, बिडकीनच्या बाजारातल्या! माझ्या जिभेवर आलतं. ह्यांनी पडद्याकडं बघितलं न् डोळ्यानंच गप्प केलं. साहेब चहा पिऊन गेले. माझ्या हातचा चहा, माझ्या हाताची तारीफ, न् माझ्याकडं बघितलं पण नाय.

त्या दिवशी मी ह्यांच्याशी भांडले. म्हणलं, सांगितलं का नाय? म्हणले, बाईचे हात म्हणलं तर चित्र माघारी करतील, पहिल्या पानावर चालणार नाय त्यांना. मी म्हणलं, नाय चालू दे, वाघ कोरा, मोर कोरा. म्हणले, हाजरा, आपल्याला तर माहीत आहे. आपल्याला! हे बोलणं मी ह्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाय. जेवायला वाढलं, आजारपणात पाय दाबले, मयतीला छाती पिटून रडले, पण ते एक माफ केलं नाय. आपल्याला माहीत असून काय उपयोग? आपल्याला तर हे पण माहीत असतं की पत्रा कुठं गळतो.

साहेबांची पुढं मग कितीतरी पुस्तकं निघाली, प्रत्येकात तेच चित्र. नंतर कॉम्प्युटरची छपाई आली, ठशाचं काम संपलं, छापखाना बंद झाला, मालकानं जाताना तो ठसा ह्यांना परत दिला, म्हणला मिस्त्री, तुमचाच आहे. हे रबरी शिक्के करत बसले, मग नजर गेली, मग हे गेले. ठसा मी ह्यांच्या जुन्या लुंगीत गुंडाळून पेटीत ठेवला, ह्यांच्या हत्यारांसंगं. घरात छापलेलं चित्र एकच होतं, ते गळक्या पत्र्यानं खाल्लं. पुस्तकं असतील लोकांकडं, पण कुठलं एक आमच्या घरात नाय, कोणी दिलंच नाय. मी मनात धरलं होतं, डोळ्याचं ऑपरेशन झालं की शाई आणायची, चांगला कागद आणायचा, न् एकदा छापायचं. माझ्यासाठी. मशीन नाय लागत, कागदावरून पळीच्या पाठीनं घासलं तरी उठतं, हे तसंच करून बघायचे.

आता माझ्या पोराचं ऐक. अन्वर वाळूजला कंपनीत आहे, शिफ्टच्या बसनं जातो येतो, साधा आहे, कोणी गोड बोललं की वितळतो. मी लासूर स्टेशनला लेकीकडं गेलते चार दिवस. तेवढ्यात समितीवाले आले घरी. साहेबांच्या नावानं दालन करायलेत, त्यांचा चष्मा, त्यांची खुर्ची, त्यांचा टाक, सगळं काचेत ठेवणार, तुमच्याकडं तो लाकडी ठसा आहे म्हणे, चार-आठ दिवसांसाठी द्या, उद्घाटन झालं की आणून देतो. आणि ह्या शहाण्यानं दिला! पेटी उघडून, लुंगीसकट! मी आल्यावर म्हणतो कसा, अम्मी, अब्बांचं नाव होईल, मोठी माणसं आलती, मी कसं नाय म्हणू? मी म्हणलं, तोंडानं म्हणायचं असतं नाय. पण मग वाटलं, जाऊ दे, दालनात लागंल, खाली ह्यांचं नाव लिहितील, चांगलंच आहे की. मी पण वितळले थोडी. खोटं कशाला बोलू.

उद्घाटनाला गेलो आम्ही. मी नवी साडी नेसले, हातभर हिरव्या बांगड्या भरल्या, म्हणलं आज बघू दे माझ्या हातांना माझे हात. मागच्या रांगेत बसवलं. फीत कापली, भाषणं झाली, आत सोडलं. आणि भिंतीवर काय बघते, पोरी! ठसा सोन्याचा केलेला. सोनेरी रंग मारलाय, जाड, वरून वार्निशचे हात, देवळातल्या कळसासारखा चमकायलाय. चार कोपऱ्यांत चार स्क्रू पिळलेत, थेट लाकडात. वर झेंडूचा हार. आणि खाली पाटी, दुर्मिळ काष्ठशिल्प. शिल्प! ह्यांचं नाव नाय, छापखान्याचं नाय, कोणाचंच नाय. माझ्या शेजारी दोघी बाया उभ्या, एक म्हणते, अगं, साहेब डावखुरे होते वाटतं. मी त्या रेघांकडं बघायले. केसाएवढ्या रेघा, एक एक रेघ ह्यांनी श्वास रोखून कोरलेली, सगळ्या रंगानं बुजलेल्या. तुला सांगितलं ना, खड्ड्यात शाई जात नाय म्हणून चित्र उठतं. खड्डेच बुजवले तर काय उठणार? काळा ठोकळा. त्यांनी त्याचा देव केला न् त्याला मारून टाकलं.

समितीचे अध्यक्षसाहेब तिथंच होते, लोकांसंगं फोटो काढायलेत. मी गेले. म्हणलं, साहेब, हे काय केलं? म्हणले, या या खालाजान, कसा चमकतोय बघा, तुमच्या घरात काळाकुट्ट पडला होता. मी म्हणलं, अहो, तो काळाच असतो, शाईनं काळा झालाय, त्याच्यावर छापायचं असतं. म्हणले, आता कोण छापतं लाकडावर? आम्ही फोटो काढून ठेवलाय, पाहिजे तेवढा मोठा करून देतो. मी म्हणलं, मला फोटो नको. म्हणले, मग काय पाहिजे? मी म्हणलं, माझे हात द्या. त्यांना वाटलं म्हातारीला पायरी उतरायला आधार पाहिजे. त्यांनी आपला हात पुढं केला! अंगठ्या घातलेला, मऊ. मी बघितलं त्या हाताकडं. त्या हातानं कधी पाण्याची घागर उचलली नसंल.

मग माझं डोकं सटकलं. तिथं एक माईकवाला वायर गुंडाळायलता. मी म्हणलं, बाबा, पेचकस आहे का? त्यानं दिला, बिचारा, त्याला काय माहीत. मी हार काढून बाजूला ठेवला, नीट ठेवला, कोणाच्या हाराशी माझं वैर नाय, न् पहिला स्क्रू फिरवायला लागले. अध्यक्ष म्हणले, अहो अहो, हे काय? ही दालनाची वस्तू आहे! मी म्हणलं, वस्तू आमच्या घरची, चार-आठ दिवस म्हणून नेली होती, दिवस भरले. म्हणले, तुमच्या मुलानं स्वखुशीनं दिलीय. मी म्हणलं, मुलाचे हात नायत त्याच्यात. लोक गोळा झाले. कोणी मोबाइल धरला. अन्वर कानाशी आला, अम्मी, लोग देख रहे. मी म्हणलं, देखने दे. आज तक किसी ने नहीं देखा ना, अब देखने दे.

पहिला स्क्रू निघाला. दुसरा निघंना, जोर लावला तसा पेचकस घसरला न् सोनेरी रंगावर ओरखडा उठला, खालचं काळं लाकूड दिसलं. ते काळं दिसलं न् मला हुंदका आला. तेवढ्यात माझ्या हातातला पेचकस कोणी काढून घेतला. मी म्हणलं आता बाहेर काढतात मला. बघते तर अन्वर. म्हणला, हट बाजूला, तुझ्यानं नाय निघायचा, कंपनीत दिवसभर हेच करतो मी. आणि खाली मान घालून, कोणाकडं न बघता, उरलेले तिन्ही काढले. लेकरानं माझ्या शिव्या खाल्ल्या होत्या ना, आठ दिवस माझ्याशी बोललं नव्हतं. काढला, माझ्या हातात दिला, मी पदरात गुंडाळला.

अध्यक्ष दारापर्यंत आले. आवाज खाली करून म्हणले, खालाजान, भिंत मोकळी दिसंल हो, मंत्री येणार आहेत, परत कधी देता? मी म्हणलं, चार-आठ दिवसांत देते. तुम्ही दिला तस्साच देते. अजून फोन येतात त्यांचे. मी म्हणते, या की, चहा पिऊन जा. येत नायत.

तर आता हे काम चाललंय माझं. बघ, ही वाटी थिनरची, अन्वरनंच आणलं वाळूजहून, विचारलं पण नाय मी, आपणहून आणलं. कापसाचा बोळा भिजवायचा, ठेवायचा, रंग मऊ झाला की गोधडीच्या सुईनं एक एक रेघ उकरायची. जोर दिला की लाकूड दुखतं, नाय दिला की रंग निघत नाय. वासानं डोकं गरगरतं, सून म्हणते अम्मी, खिडकीत बसा. ऑपरेशन झालेला डोळा दुखला की थांबते, शिव्या देते, परत बसते. व्हय, शिव्या देते, अध्यक्षाला देते, साहेबांना देते, आमच्या ह्यांना पण देते, म्हणते, बघा तुमचं आपल्याला माहीत आहे काय कामाचं, सांगितलं असतं तेव्हा तर कोणी सोनं फासलं नसतं.

आधी बोटं मोकळी केली. मग अंगठा, तो तव्याचा डाग निघाला त्या दिवशी मी सगळ्यांना हाका मारल्या. मग टाक, मग कागद, मग बाही. काल खुर्चीचा पाय निघाला. आणि काल दुपारी मला राहवलं नाय. म्हणलं, बघू तर, उठतं का. शाई लावली, साधाच कागद होता, अन्वरच्या डब्याखालचा, ठेवला न् पळीनं घासला. हल्लू उचलला. हा बघ. धर, कडेनं धर, ओला आहे अजून. मान, मिशी, कपाळ, सगळं काळं, तवा उपडा ठेवल्यासारखं. आणि त्याच्याखाली बघ. दिसायलेत का? ही बोटं बघ, आणि ही माझी बोटं बघ, आता सुरकुतली, पण वळण तेच आहे ना? आणि ही बाही. फुगलीय ना? मोज की त्यातल्या बांगड्या.

अन्वर म्हणला, अम्मी, चेहरा राहिला. मी म्हणलं, राहू दे. चेहऱ्याचे फोटो त्यांच्याकडं ढीगभर आहेत, पुस्तकात आहेत, भिंतीवर आहेत, चौकात पाटीवर आहेत. हे हात दुसरीकडं कुठंच नायत. चेहरा मोकळा करायचा का नाय ते मी ठरवीन, निवांत. राग उतरला तर करीन. उतरायची घाई मला नाय.

ऐक, नळ आला वाटतं. उठते मी. तू पण पळ, बस चुकंल. पण लवकर ये, परत ईदची वाट नको बघू न् परीक्षेचं नाव नको सांगू. येताना जाड कागद आण, चांगला, दुकानदाराला म्हणावं चित्र छापायचंय. एक तुला छापून देते, एक मला. आणि त्या चटईवर कोपऱ्यात दबकून लिहायलीस मघापासून, पाठ मोडंल अशानं. खिडकीपाशी ती खुर्ची आहे ना, पुढच्या वेळी तिच्यावर बसायचं. मी आत-बाहेर केलं, अन्वर आला, कोणी आलं, तरी उठायचं नाय. माझ्या सासऱ्यांनी सांगून ठेवलंय.